ल्यूथरच्या नावावर फिरणारं ते वाक्य खरं कुणाचं? एलिझाबेथ रन्डल चार्ल्सबद्दल माहिती हवी आहे

भाषांतरवाली

नमस्कार मंडळी. एका सुविचारसंग्रहाचं इंग्रजीतून मराठी भाषांतर करतेय आणि मार्टिन ल्यूथरच्या (सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाले) एका वाक्यावर गेले चार दिवस अडून बसलेय. आशय साधारण असा, की सत्याच्या ज्या एका टोकावर या घडीला हल्ला चालू आहे नेमकं तेवढंच वगळून बाकी सगळं मी कितीही खणखणीत आवाजात सांगत राहिलो तरी ती काही माझी निष्ठा नव्हे, लढाई जिथे पेटलीय तिथेच शिपायाचा कस लागतो.

वाक्य मला एवढं आवडलं की म्हटलं हे तरी मूळ जर्मन बघून करूया, आणि तिथेच सगळं अडलं, कारण मूळ जर्मन सापडतच नाही. जे मिळतं ते इंग्रजीवरूनच उलटं जर्मनमध्ये नेल्यासारखं वाटतं, मला जर्मन बऱ्यापैकी येतं आणि सोळाव्या शतकातली भाषा अशी गुळगुळीत नसते. शोधता शोधता एका ठिकाणी एवढंच एका ओळीत वाचलं की हे ल्यूथरचं नाहीच, एलिझाबेथ रन्डल चार्ल्स नावाच्या व्हिक्टोरियन कादंबरीकार बाईंचं आहे.

हे खरं आहे का? आणि या बाई कोण? मी नावसुद्धा ऐकलं नव्हतं. त्यांच्या आयुष्याबद्दल कुणाला माहीत असेल तर जरा सविस्तर लिहा, पुढच्या आठवड्यात मजकूर द्यायचाय पण त्यापेक्षाही आता मलाच राहवत नाहीये.

---

जुनीपाने

ताई, खरं आहे. वाक्य त्यांचंच आहे आणि कादंबरीत ते ल्यूथरच्या तोंडीसुद्धा नाहीये! 'क्रॉनिकल्स ऑफ द श्योनबर्ग-कोट्टा फॅमिली' हे पुस्तक, १८६२ चं, त्यात फ्रिट्झ नावाचं एक काल्पनिक पात्र आहे, त्याचं ते बोलणं आहे. म्हणजे एका इंग्रज बाईने एकोणिसाव्या शतकात रचलेल्या जर्मन तरुणाचे शब्द सरळ ल्यूथरच्या खात्यात जमा झाले.

असं का झालं असावं हे पुस्तकाचं पहिलं पान बघितलं की कळतं. तिथे लेखिकेचं नावच नाही. 'त्याच घराण्यातल्या दोघांनी लिहिलेली' असं छापलंय. आत सगळा मजकूर रोजनिशीच्या रूपात, एल्सची वही, फ्रिट्झची वही, एव्हाची वही, अशा एकामागून एक. सोळाव्या शतकातल्या एका घरातले कागद कुणीतरी जपून ठेवले आणि आज आपल्या हाती आले असाच भास होतो, आणि त्यात ल्यूथर येतोजातो, बोलतो, प्रवचन करतो. आता अशा पुस्तकातून कुणी एखादा दमदार उतारा टिपून घेतला, पुढच्याने तो प्रवचनात वापरला, त्याच्या पुढच्याने पात्राचं नाव गाळलं, की ल्यूथरपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार. हा माझा तर्क आहे, पण मला तरी दुसरी वाट दिसत नाही.

तुमच्या कामाची एक गोष्ट, ल्यूथरच्या १५२३ सालच्या एका पत्रात याच धर्तीचा विचार आहे, की ख्रिस्ताला एका मुद्द्यावर नाकारलं म्हणजे सगळ्याच मुद्द्यांवर नाकारलं. म्हणजे बाईंनी हवेतून काही आणलं नाही, माणूस नीट वाचून, पचवून मग लिहिलंय. शिपाई आणि रणांगण ही प्रतिमा मात्र त्यांची.

आता बाईंबद्दल. जन्म २ जानेवारी १८२८, टॅव्हिस्टॉक, डेव्हन परगणा. वडील जॉन रन्डल, पार्लमेंटात टॅव्हिस्टॉकचे खासदार होते. मुलगी एकुलती एक, शिक्षण घरीच झालं पण उत्तम झालं. वाचन अफाट. कोवळ्या वयातल्या तिच्या काही कविता हस्तलिखितात कवी टेनिसनने वाचल्या आणि कौतुक केलं, तेव्हा ही जेमतेम विशीची असेल.

तिच्या तरुणपणातली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अशी की ती कॅथलिक होता होता राहिली. ऑक्सफर्ड चळवळीचा तो काळ, म्हणजे इंग्लंडच्या चर्चला जुन्या कॅथलिक वळणावर नेऊ पाहणारी चळवळ, १८४५ मध्ये तिचा पुढारी न्यूमन कॅथलिक झाला आणि इंग्लंडमधली शिकलीसवरलेली, मनापासून धार्मिक असलेली कितीतरी तरुण मुलंमुली त्याच वाटेकडे बघत होती. हीसुद्धा ओढली गेली होती, पार काठावर पोचली होती, आणि एका स्विस प्रोटेस्टंट पाद्र्याशी बोलणं झाल्यावर मागे आली. शेवटपर्यंत अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचीच राहिली. पण तो काठ तिने आतून पाहिलेला होता. कादंबरीत फ्रिट्झ मठात जातो, एव्हा कॉन्व्हेंटमध्ये जाते, तेव्हा ते का जातात हे लिहिताना लेखिका त्यांना कुठेही वेडगळ ठरवत नाही, हे मला त्या काठावरच्या दिवसांचं देणं वाटतं.

१८५१ साली अँड्र्यू पेटन चार्ल्सशी लग्न झालं. त्याचा लंडनमध्ये वॉपिंगला साबण आणि मेणबत्त्यांचा कारखाना होता. वॉपिंग म्हणजे थेम्सकाठचा गोद्यांचा भाग, गरीब वस्ती. घर हॅम्पस्टेडला, टेकडीवर, मोकळ्या हवेत, आणि खाली नदीकाठी ती वस्ती, तिथल्या लोकांमध्ये ती काम करायची. दोघांनी प्रवासही बराच केला, इजिप्त, पॅलेस्टाइन, तुर्कस्तान, ग्रीस, इटली.

आणि मग एका स्कॉटिश मासिकाच्या संपादकाला ल्यूथरवर गोष्ट हवी होती म्हणून त्याने हिला विचारलं. म्हणजे पुस्तक झालं ते मागणीवरून, पण वाचताना कुठे तसं जाणवत नाही. युरोपातल्या बहुतेक भाषांत, अरबीत आणि भारतातल्याही बऱ्याच भाषांत त्याची भाषांतरं झाली. त्यानंतर तिच्या पुढच्या पुस्तकांवर 'श्योनबर्ग-कोट्टा लिहिणारीकडून' एवढंच छापायचे, लोकांना तेवढं पुरायचं. एकंदर पन्नासेक पुस्तकं लिहिली तिने, आणि तरीही तुम्ही नाव ऐकलं नव्हतं यात तुमचा काहीच दोष नाही.

---

थोरली

जुनीपाने यांनी छान लिहिलंय. मी फक्त पुस्तकाबद्दल लिहिते कारण मी ते दोनदा वाचलंय, एकदा कॉलेजात आणि एकदा गेल्या वर्षी आजारपणात.

कोट्टा हे नाव हवेतलं नाही. ल्यूथर पंधरासोळा वर्षांचा असताना आयसेनाखला शाळेत होता, तेव्हा पोरं दारोदार गाणी म्हणून भाकरी मागायची, त्याला उर्सुला कोट्टा नावाच्या बाईने आपल्या घरात आसरा दिला अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. एवढीशीच नोंद. एका बाईने एका उपाशी पोराला घरात घेतलं. चार्ल्सबाईंनी नेमकं तेच घर उचललं आणि त्याच्या अवतीभवती अख्खं गणगोत उभं केलं. धर्मसुधारणेच्या गोष्टी साधारण कुठे घडतात तर विटेनबर्गच्या चर्चच्या दारात, नाहीतर वर्म्सच्या राजसभेत सम्राटापुढे. इथे त्या घडतात स्वयंपाकघरात. थोरली मुलगी एल्स, घरात पैसा नाही, बाप आपल्या यंत्रांच्या आणि शोधांच्या नादात, लहान भावंडं, आई दमलेली, उद्याची चूल कशी पेटायची याची काळजी करता करता ती पोर विचार करतेय की देव माझ्यावर रागावला असेल का, आणि असला तर त्याला खूश करायला मी अजून काय काय करायचं, आधीच एवढं सगळं करतेय. हे वाचताना मला ल्यूथरला नेमकं काय खुपत होतं ते पहिल्यांदा कळलं, आणि त्याआधी मी त्याच्यावरची दोन जाडजूड चरित्रं वाचली होती.

(माझं इथलं नाव 'थोरली' का आहे ते आता कळलं असेल.)

फ्रिट्झ घरचा आशेचा तारा, शिकून वर येणार, सगळ्यांचं भलं करणार, आणि तो मठात जातो. घरच्यांना काय वाटतं, त्याचं आणि एव्हाचं काय होतं, हे सगळं रोजनिशीतून कळतं आणि रोजनिशीची गंमत अशी की लिहिणाऱ्याला उद्याचं काहीच माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं की १५१७ (विटेनबर्गचं दार) येणार आहे, १५२१ (वर्म्सची राजसभा) येणार आहे, शेतकऱ्यांचं बंड होणार आहे, त्यांना नसतं. एव्हा ज्या कॉन्व्हेंटमध्ये जाते ते निम्ब्शेनचं, जिथून १५२३ च्या ईस्टरला काही नन पळून गेल्या आणि त्यातलीच एक कॅटरिना पुढे ल्यूथरची बायको झाली. हा खरा इतिहास, पण पुस्तकात तुम्ही तो आधीच आतल्या बाजूने, त्या बायकांबरोबर राहून बघितलेला असतो.

ताई, आज वाचवेल का याची शंका मनात येईल म्हणून आधीच सांगते, वाचवतं. मध्ये मध्ये उपदेश लांबतो, तिथे मी पानं उलटली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

---

तिसरी_घंटा

मी कॅथलिक घरात वाढलो, तेव्हा माझं मत थोडं वेगळं आहे, रागाने लिहीत नाहीये पण लिहितो.

त्या काळात इंग्लंडमध्ये धार्मिक ऐतिहासिक कादंबरी हे एक हत्यार होतं. १८५० साली पोपने इंग्लंडमध्ये कॅथलिक बिशपांची रचना पुन्हा सुरू केली आणि देशभर गदारोळ उठला. त्यानंतरच्या पाचसहा वर्षांत बघा, १८५३ ला किंग्जलीची 'हायपेशिया', तिच्यात पाचव्या शतकातलं अलेक्झांड्रिया आहे पण रोख मठसंन्यासावर आणि आपल्याच काळातल्या कॅथलिकांवर, लगेच १८५४ ला कार्डिनल वाइजमनची 'फॅबिओला', पाठोपाठ न्यूमनची 'कॅलिस्टा'. दोन्हीकडून रोमन साम्राज्यातले हुतात्मे बाहेर काढून एकमेकांवर फेकायचं काम चाललं होतं. चार्ल्सबाईंचं पुस्तक त्याच वातावरणातलं. वाचकाला शेवटी कुठे न्यायचं हे पहिल्या पानाच्या आधीच ठरलेलं आहे. कॅथलिक पात्रं चांगली असतात, मान्य, पण त्यातली बरीच चांगली असतात ती हळूहळू ल्यूथरकडे सरकण्यासाठी. सामान्य कॅथलिक माणसाला तीर्थयात्रेत, संतांच्या सणात, मेणबत्ती लावण्यात जो साधा आनंद होता तो मला तिथे पुरेसा सापडला नाही, तिथे ती बहुतेक वेळा भीतीच दाखवते.

लिहिते सुंदर, यात वाद नाही.

---

जुनीपाने

तिसरी_घंटा, मुद्दा बरोबर आहे आणि मी तो खोडून काढणार नाही. पुस्तक ल्यूथरच्या बाजूचं आहे, तसं ते असणारच होतं, संपादकाने मागितलं तेच होतं.

पण त्याच बाईची पुढची पुस्तकंसुद्धा बघा असं सुचवेन. 'द ड्रेटन्स अँड द डॅव्हेनंट्स' घ्या, इंग्लंडच्या यादवी युद्धावर, १८६० च्या दशकातलंच. एक घर प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांचं, राजाविरुद्ध पार्लमेंटच्या बाजूचं, एक घर राजाच्या बाजूचं, आणि दोन्ही घरांतल्या एकेका मुलीची वही. ऑलिव्ह ड्रेटन एकीकडे, लेटिस डॅव्हेनंट दुसरीकडे, आणि दोघी मैत्रिणी. तिथे एका बाजूला अक्कल आणि दुसऱ्या बाजूला अंधार अशी वाटणी नाही, लेटिसचं राजावरचं प्रेम वाचताना आपणही तिच्या बाजूने उभे राहतो आणि पुढचं पान ऑलिव्हचं आलं की परत अस्वस्थ होतो. मला वाटतं वही हा प्रकार तिने नुसता गोडव्यासाठी निवडलेला नव्हता. ज्याची वही त्याचं म्हणणं पूर्ण ऐकावंच लागतं, मध्ये लेखक येऊन खांद्यावर हात ठेवून सांगत नाही की हा चुकतोय बरं का.

आणि १८७९ ला याच प्रोटेस्टंट बाईने जोन ऑफ आर्कवर पुस्तक लिहिलं. जोनला रोमने संत ठरवलं ते १९२० मध्ये, त्याच्या एकेचाळीस वर्षं आधी, आणि लिहिणारी त्या देशातली ज्याच्या सैन्याने जोनला जाळलं. तिच्या ओळखीच्या लोकांची यादीही तशीच आहे, एकीकडे प्यूझी, म्हणजे ऑक्सफर्ड चळवळीचा खांब, दुसरीकडे जॉवेट आणि डीन स्टॅन्ली, उदारमतवादी, मध्ये किंग्जली आणि आर्चबिशप टेट. हे लोक एकमेकांच्या मतांवर तुटून पडायचे आणि ही सगळ्यांशी पत्रव्यवहार ठेवून होती.

मेणबत्तीच्या आनंदाबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र मला पटलं. तो तिथे कमीच आहे.

---

हस्तलिखित

इतका वेळ नुसतं वाचत होतो, पण आयुष्याचा उत्तरार्ध राहिलाय म्हणून लिहितो.

१८६८ ला नवरा गेला. क्षयाने. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि ही चाळिशीची. त्या आधीच्या पाचसहा वर्षांत तिची मोठी पुस्तकं येऊन गेली होती, श्योनबर्ग-कोट्टा, मग 'डायरी ऑफ मिसेस किटी ट्रेव्हिलियन', मग ड्रेटन्स, म्हणजे यश पार शिखरावर असताना घरात हे. एक गोष्ट लक्षात घ्या की इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची स्वतः कमावलेली मिळकत कायद्याने तिची स्वतःची झाली ती १८७० च्या कायद्याने. तोपर्यंत तिने पानं भरभरून लिहिलं तरी कायद्याच्या लेखी ते नवऱ्याचं. तो कायदा आला तेव्हा हिला विधवा होऊन दोन वर्षं झाली होती. नवऱ्यामागे ती अठ्ठावीस वर्षं जगली आणि लेखणी थांबली नाही.

हॅम्पस्टेडला कूम्ब एज नावाच्या घरात ती राहिली, शेवटपर्यंत तिथेच. आता जे सांगतो ते तिच्या पुस्तकांइतकंच मला मोठं वाटतं. १८८५ साली लंडनमध्ये फ्रीडनहाइम नावाचं एक घर सुरू झालं, मरणाच्या दारात असलेल्या गरीब माणसांसाठी. त्या काळी इस्पितळं बऱ्या होण्यासारख्या रोग्यांसाठी, ज्याचं काही होण्यासारखं नाही त्याला बेड अडवून ठेवू द्यायला ती नाखूश असायची. मग क्षयाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाने जायचं कुठे? एकाच खोलीत सात जण राहतात तिथे कोपऱ्यात पडून राहायचं, नाहीतर वर्कहाउस, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायची सरकारी जागा. अशा माणसाला स्वच्छ अंथरूण आणि शेजारी बसणारं कुणीतरी मिळावं म्हणून हे घर, आणि त्या कामात चार्ल्सबाई होत्या. नाव बघा, जर्मन आहे, शांतीचं घर असा अर्थ. मी त्या नावापाशी बराच वेळ थांबलो होतो. ज्या बाईने आपल्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकात जर्मन घर रंगवलं आणि जिचा स्वतःचा नवरा क्षयाने गेला, ती याच कामाशी जोडली जावी.

२८ मार्च १८९६ ला ती गेली. 'अवर सेव्हन होम्स' नावाच्या तिच्या आठवणी त्याच साली मागाहून छापल्या गेल्या. बघा, आयुष्य सांगतानाही घरंच मोजली तिने.

थोरलीताईंना एक सुचवतो, 'किटी ट्रेव्हिलियन' वाचलं नसेल तर जरूर वाचा. अठराव्या शतकातलं कॉर्नवॉल, मेथडिस्ट पंथ उभा करणारे वेस्ली बंधू आणि व्हाइटफील्ड उघड्या माळावर प्रवचनं करत फिरतायत तो काळ, आणि एका मुलीची वही. टॅव्हिस्टॉक कॉर्नवॉलच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर आहे, खाणींचा मुलूख, मेथडिस्ट खाणकाम्यांचा मुलूख, त्यामुळे जर्मनीपेक्षा इथे तिच्या पायाखालची माती ओळखीची आहे आणि ते वाक्यावाक्याला जाणवतं.

---

थोरली

अय्या, किटी नाही वाचलेलं! आजच उतरवून घेते. कॉपीराइट केव्हाच संपलाय त्यामुळे या सगळ्या पुस्तकांचे स्कॅन फुकट मिळतात, ज्यांना हवं त्यांनी बघा, फक्त जुनी छपाई बारीक आहे, मोबाइलवर डोळे दुखतात.

फ्रीडनहाइमचं मला माहीत नव्हतं. एल्सच्या वहीत शेवटी शेवटी घरातली म्हातारी माणसं जातात तो भाग मी आजारपणात वाचला होता आणि तेव्हा वाटलं होतं की ही बाई कुणाच्या तरी उशाशी खूप वेळ बसलेली आहे.

---

तिसरी_घंटा

जोनवरचं पुस्तक मला माहीत नव्हतं, जुनीपाने, वाचून मग इथेच लिहीन. इंग्रज बाईने आणि तेही १८७९ मध्ये, हे मला खरंच बघायचंय.

भाषांतरवाली, तुमच्या वाक्याबद्दल एक. ते कुणाचंही असो, संग्रहातून काढू नका. मी ज्या बाजूचा आहे त्या बाजूलाही ते तितकंच लागू पडतं.

---

भाषांतरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री पुस्तक उघडलं आणि फक्त ते वाक्य शोधून बंद करायचं ठरवलं होतं, तर एल्सच्या पहिल्या वहीतच अडकले, दीड वाजला.

वाक्य सापडलं. आणि जागेवर वाचल्यावर माझं भाषांतर बदललं. सुट्टं असताना मी ते जाहीर भाषणासारखं केलं होतं, 'निष्ठा', 'रणांगण', 'पलायन', असे भारदस्त शब्द घालून, कारण डोळ्यापुढे ल्यूथर होता, सम्राटापुढे उभा. आता कळतंय की हा घरच्या माणसांशी बोलणारा, हळव्या मनाचा फ्रिट्झ आहे, आणि जे बोलतोय ते आधी स्वतःला बजावतोय. म्हणून पुन्हा केलं, साध्या बोलीत. 'पळ काढणं' ठेवलं, 'पलायन' गेलं.

संपादकांशीही बोलले. त्यांचं म्हणणं होतं की ल्यूथरचं नाव राहू द्या, लोकांना ओळखीचं आहे, या बाईंना कोण ओळखतं. मी म्हटलं दीडशे वर्षं असंच म्हणत आलोत म्हणून तर कुणी ओळखत नाही. थोडी ओढाताण झाली पण ऐकलं त्यांनी. खाली एलिझाबेथ रन्डल चार्ल्स, १८२८–१८९६ असं जाईल, आणि तिच्या खाली बारीक टाइपात, कादंबरीतल्या फ्रिट्झच्या तोंडी.

जुनीपाने, एकच राहिलं, १५२३ चं ते पत्र ल्यूथरने कुणाला लिहिलं होतं? तेही करून ठेवावं म्हणतेय, समोरासमोरच्या पानांवर.

---

जुनीपाने

मान्सफेल्डच्या काउंट अल्ब्रेख्टला, जूनमधलं आहे. ल्यूथरच्या समग्र पत्रांच्या वायमार आवृत्तीत तिसऱ्या खंडात मिळेल, आणि हे जर्मन तुम्हाला हवं तसंच खडबडीत आहे. झालं की इथे टाका.